झऱ्यावर येणारी अस्वलीण

त्या अस्वलिणीला प्रत्यक्ष पाहण्याआधी आठ दिवस मी फक्त तिची विष्ठा पाहत होतो. काडीनं उकलायची, आत काय आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. मोहाची फुलं. उंबराच्या बिया. वाळवीची डोकी. मला त्याची किळस वाटत नव्हती, उत्सुकताही वाटत नव्हती. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. फॉरेस्ट गार्ड म्हणून राजूरच्या वरच्या डोंगरात नुकती बदली झाली होती. मूळचा मी पाथर्डीकडचा. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आमच्याकडे बाभळीसुद्धा वाळल्या होत्या. आईवडील दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला बेलापूरच्या बाजूला गेले होते आणि माघ महिन्यात आई तिथंच, फडावरच्या पाचटाच्या कोपीत, गेली. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी संपलं. मुकादमानं कोणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलं, पण ते माझ्या जुन्या पत्त्यावर गेलं आणि तिथून फिरत फिरत राजूरला आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मयताच्या कार्डाचा फाडतात तसा त्याचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं. तारीख पाहिली. तेरावं होऊन चार दिवस झाले होते. मी कार्ड वहीत ठेवलं आणि कामाला गेलो. संध्याकाळी भाकरी केली, खाल्ली. पीठ जरा जाडं होतं एवढं आठवतं.

चैत्रात मोह गळायला लागला आणि वरच्या एका वाडीतल्या बाईला अस्वलानं जखमी केलं. वाडीनं अर्ज दिला, अस्वल मारा म्हणून. रेंजर साहेबांनी मला बोलावलं.

"अस्वल एक आहे की दोन, मादी आहे का, राहतं कुठं, पाणी कुठं पितं, कधी निघतं, सगळं बघायचं. महिनाभर दुसरं काम नाही. जे बघशील ते लिहायचं," ते म्हणाले.

बरोबर वाट दाखवायला त्यांनी त्याच वाडीतला एक महादेव कोळी म्हातारा दिला. सगळे त्याला बाबा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खालीवर ओढलेली होती आणि तो डोळा कायमचा मिटलेला. तरणा असताना करवंदीच्या जाळीत अस्वलाशी गाठ पडली होती.

"ह्या बाजूला माशी बसली तरी कळत न्हाई," त्यानं पहिल्याच दिवशी गालावर बोट ठेवून सांगितलं. "बायकू सांगायची तवा हाकलायचो."

"राग नाही येत अस्वलाचा?"

"त्याच्या जाळीत मी गेल्तो. माझ्या घरात ते न्हवतं आलं."

पहिल्यांदा आम्ही त्या जखमी बाईकडे गेलो. ती वीसबावीस वर्षांची असेल. उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेला, मांडीवर सहा महिन्यांचं मूल. मी वही काढली आणि काय झालं ते विचारलं.

"उजाडलं हुतं. पोराला मोहाच्या खालच्या फांदीला झोळीत टांगलं आन् मी वाकून फुलं येचीत हुते," ती म्हणाली. "ती वळनावरनं आली. तिच्या पाठीवर पोर, माझं झाडाला. दोघी बी दचाकलो. मी झोळीकडं धावले. तिला वाटलं मी तिच्याच अंगावर धावतीय."

"मग?"

"मग काय. एक फटका मारला, एकदा चावली. झोळीकडं बगितलं बी न्हाई. आली तशी गेली."

"म्हणून तुम्ही अर्ज केला?"

"अर्ज गावानं केला. मला अंगठा लावाया सांगितला. उजवा हात बांधल्याला हुता, मग डावा लावला."

मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. मादी, सोबत एक पिल्लू. वेळ, उजाडताना. बाबा बाजूला बसून तंबाखू मळत होता.

पुढचे आठ दिवस म्हणजे ती विष्ठा, उकरलेली वारुळं आणि झाडांच्या सालीवरचे ओरखडे. बाबा पुढे, मी मागे. दाट जाळी लागली की बाबा मोठ्यानं खाकरायचा, "आमी चाललोय गं बाई," असं काहीतरी बोलायचा. कळवून गेलं की ती वाट देते, असं त्याचं म्हणणं होतं. उघड्यावर आलं की मात्र एक शब्द नाही. वारा कुठून येतोय ते तो चिमूटभर माती सोडून बघायचा आणि त्याप्रमाणे आम्ही लांबचा फेरा घ्यायचो.

नवव्या दिवशी दिवस कलताना आम्ही घळीच्या अलीकडच्या एका खडकावर पालथे पडलो होतो. आधी आवाज आला. लोहाराचा भाता चालावा तसा, फुस्स करून फुंकर आणि लगेच ओढून घेतल्याचा. बाबानं माझा दंड दाबला. समोरच्या उतारावर एक काळं, झिपरं जनावर वारुळात तोंड खुपसून उभं होतं आणि त्याच्या पाठीवर मोठं कुबड होतं. मग कुबड हललं आणि त्याला दोन कान दिसले.

मी घड्याळ बघून वेळ लिहिली. सहा वाजून दहा मिनिटं.

त्यानंतर ती आम्हाला जवळजवळ रोज दिसली. कड्याच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीमागे एक कपार होती, दिवसा तिथं झोपायची. ऊन उतरलं की निघायची. तीन वारुळं, मग एक मोठा उंबर, मग घळीतला झरा. पहाटे परत त्याच वाटेनं वर. पिल्लू तिच्या खांद्यांच्या मधल्या लांब केसांना चारी पंजांनी धरून असायचं. वारुळाशी ती थांबली की ते घसरत खाली यायचं आणि आईसारखं तोंड मातीत घालून फुंकायचं. सगळी धूळ नाकात जायची, मग शिंका. बाबाचं सगळं अंग हसून गदगदायचं, पण आवाज बाहेर यायचा नाही. मी लिहायचो, पिल्लू अंदाजे चार महिन्यांचं, प्रकृती चांगली. कुठं पान वाजलं की ते धावत सुटायचं आणि ती मागचा भाग खाली टेकवून त्याला चढू द्यायची. ते नीट बसलं आहे हे कळल्याशिवाय पाऊल टाकायची नाही.

एका संध्याकाळी ती खडकाला पाठ टेकून, बाई बसते तशी, पाय पुढे सोडून बसली आणि पिल्लाला पाजत राहिली. पिल्लू एकसारखं गुणगुणत होतं, ते आम्हाला घळीच्या अलीकडे ऐकू येत होतं. बाबा हळूच म्हणाला, "बगा."

मी बघत होतो. मला वाटलं, आता आपल्याला काहीतरी आठवायला पाहिजे. मीही फडावरच वाढलो होतो, बैलगाडीच्या आसाला बांधलेल्या झोळीत. ते सगळं मला माहीत होतं, पण आठवलं काहीच नाही. मी लिहिलं, पाजण्याचा वेळ अकरा मिनिटं.

झऱ्याची अडचण वेगळी होती. वाडीतल्या विहिरीनं फाल्गुनातच तळ गाठला होता आणि बायका त्याच झऱ्यावर यायच्या. कातळात परातीएवढा खळगा, त्यात पाणी पाझरून भरायला वेळ लागायचा. वाटीनं भरून हंडा भरायचा. लांब रांग नको म्हणून बायका पहाटे निघायच्या, आणि पहाटे तीही तिथंच असायची. हे लक्षात आल्यावर बाबानं वाडीतल्या बायकांना एकत्र बसवलं.

"दिस सुळक्याच्या वर आल्याबिगर कोनी जायचं न्हाई," तो म्हणाला. "आन् सांजच्याला उन्हं कलायच्या आत घरी."

"म्हंजी मधी आमची पाळी, आन् कडंला तिची," एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या. पण त्यांनी ते पाळलं. तीन आठवडे बायका आणि अस्वलीण एकाच खळग्यातलं पाणी पीत होत्या आणि एकदाही गाठ पडली नाही.

माझी वही भरत आली. कपार कुठं आहे, तिथून झऱ्यापर्यंत किती पावलं, कुठल्या खडकावरून वारा अंगावर न घेता बघता येतं, ती झऱ्यावर किती वाजता पोचते, हे सगळं त्यात होतं. नकाशाही काढला होता. बाबाला वाचता येत नव्हतं, पण एक दिवस तो माझ्या शेजारी बसून वहीकडे बघत राहिला.

"येवढं बारीक कशाला लिवता?"

"काम आहे, बाबा."

मला खरं तर त्या लिहिण्याचा आधार होता. आकडे लिहीत असताना दुसरं काही मनात येत नसे. शेवटच्या पानावर मी लिहिलं की पाण्याच्या वेळा ठरवून दिल्यापासून त्रास नाही, पिल्लू अंगावर आहे, त्यामुळे मारण्याची गरज वाटत नाही. वही रेंजर साहेबांना दिली. त्यांनी ती वर पाठवली.

वैशाख संपता संपता त्यांनी मला परत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"परवानगी आली," ते म्हणाले. "नगरचे एक गृहस्थ येतील, बंदुकीचं लायसन आहे त्यांच्याकडे. तू जागा दाखवायची."

"शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, साहेब."

"वाचलं मी." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "वर कोणी वाचलं की नाही, सांगता येत नाही. माणसाला जखम झाली आहे, अर्ज आहे. आता माझ्या हातात काही नाही."

मी वाडीवर जाऊन बाबाला सांगितलं. तो अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं दोर खाली ठेवला.

"तुमी जानार?"

"मला जावं लागेल."

"मी न्हाई येत." तो उठून घरात गेला आणि दार लोटून घेतलं. त्या वाडीत दिवसा दार लोटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

नगरचे गृहस्थ जीपनं आले. ते वाईट नव्हते, हे सांगायला पाहिजे. मऊ बोलायचे, मला अहोजाहो करायचे. थर्मासमधला चहा त्यांनी आधी मला दिला. माझ्या वहीची नक्कल त्यांच्याजवळ होती, नकाशासकट.

"सहा चाळीसला येते म्हणता?" खडकावर बसल्यावर त्यांनी विचारलं.

"चारपाच मिनिटं इकडंतिकडं."

मी वाट बघत असताना एकदा मनात आलं की खाकरावं. बाबा खाकरायचा तसं, मोठ्यानं. घसा मोकळा होता. कोणी माझं तोंड धरलं नव्हतं. पण मी खाकरलो नाही. का नाही, याचं उत्तर मी पुढं पुष्कळदा शोधलं. भीती नव्हती, साहेबांचा धाक नव्हता, अस्वलाचा रागही नव्हता. नुसता बसून राहिलो, एवढंच.

ती सहा अडतीसला आली. दोन बार झाले. पहिल्यानं ती बसली, दुसऱ्यानं आडवी झाली. पिल्लू पाठीवरून उतरलं नाही.

आम्ही खाली गेलो तेव्हा ते तिच्या खांद्यावर तसंच चिकटून होतं, डोळे मिटून, केसांत तोंड खुपसून. गृहस्थ दोन पावलं मागे थांबले. "अरेरे," ते म्हणाले. "इतकं लहान असेल असं नव्हतं वाटलं." मी वाकलो आणि त्याचा एकएक पंजा सोडवला. एक सोडवला की दुसरा पुन्हा धरायचं. चारी पंजे सुटले तेव्हा प्रत्येकात तिच्या काळ्या केसांचा पुंजका होता. मी त्याला सदऱ्याच्या आत धरायला गेलो, तर ते किंचाळत माझ्या खांद्यावरून वर चढलं, पाठीवर गेलं आणि गप्प झालं.

ते माझ्या पाठीवर पाच दिवस राहिलं. ऑफिसात त्याच्यासाठी खोका केला होता, पण खोक्यात ठेवलं की ते श्वास अडकेपर्यंत ओरडायचं. नखं लागू नयेत म्हणून मी उन्हाळ्यात घोंगडी पांघरून हिंडायचो. ते पाठीवर असतानाच मी स्वयंपाक केला, पंचनामा लिहिला, पालथा झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जखमी बाई ऑफिसच्या दाराशी आली. डाव्या हातात तांब्या.

"शेळीचं दूध हाय," ती म्हणाली. "बोळ्यानं पाजा. वाटीनं न्हाई प्यायचं ते."

तिनंच पायरीवर बसून, कापडाचा बोळा भिजवून त्याला कसं पाजायचं ते दाखवलं. पिल्लू माझ्या खांद्यावरून मान खाली करून चोखत होतं. ती त्याच्या कपाळाकडे बघत होती. पुढं रोज सकाळी तांब्या आला.

मग हुकूम आला की पिल्लू नगरला पोचवा, तिथून ते पुण्याच्या प्राणिसंग्रहालयात जाईल. पिल्लू पाठीवर, वरून घोंगडी पांघरलेली, असा मी एसटीनं निघालो. कंडक्टर माझ्यापाशी येऊन थांबला.

"पाठीला काय हाय?"

"अस्वल."

"आरं देवा. चावतंय का?"

"झोपलंय."

त्यानं घोंगडी जरा उचलून बघितलं आणि डोकं खाजवलं. "कोंबडीचं तिकीट फाडतो, बकऱ्याचं फाडतो. ह्याचं काय फाडू?"

"लेकरू हाय, बसू द्या की," मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली. "पाच वर्साच्या आतल्याला कुठं तिकीट असतंय?"

गाडीतले सगळे हसले. कंडक्टरही हसून पुढं गेला. संगमनेर गेलं, प्रवरेचा कालवा लागला, हिरवा ऊस दिसायला लागला. बेलापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. मी खिडकीतून बघितलं. कालवा, पलीकडे तोडलेले फड. याच शिवारात कुठंतरी आईला जाळलं होतं. लोक चहाला उतरले. मला उतरता आलं असतं. पिल्लाचा श्वास मानेवर गरम लागत होता. मी बसून राहिलो आणि गाडी सुटली.

नगरच्या मोठ्या ऑफिसात चौघांनी मिळून ते माझ्या पाठीवरून काढलं. सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला. कारकुनानं पोच लिहून दिली, एक अस्वलाचे पिल्लू, जिवंत. बाहेर रस्त्यावर आलो तर मी चालताना पुढं वाकत होतो. ओझं नव्हतं, पण पाठ सरळ होत नव्हती.

परतीच्या गाडीनं मात्र मी बेलापूरला उतरलो. तोडणीवाले केव्हाच गेले होते. कालव्याचं पाणी सोडणारा एक पाटकरी भेटला, त्याला विचारलं.

"कोप्या ह्या बांधाला हुत्या," तो म्हणाला. "मयत का? ते तिकडं, चारीच्या कडंला. पन आता खूण काय ऱ्हायली न्हाई बगा."

मी पाण्याच्या त्या चारीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. पुन्हा पालवलेला ऊस गुडघ्याएवढा झाला होता. रडू येईल असं वाटून उतरलो होतो. आलं नाही. पाण्यात पाय धुतले आणि पुढची गाडी पकडली.

सगळा पावसाळा बाबा मला भेटला नाही. वाटेत दिसला तर रस्ता बदलायचा. मी त्याला दोष देत नव्हतो. गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा एक दिवस सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा होता.

"चला," म्हणाला.

आम्ही वर गेलो. घळीच्या पलीकडच्या उतारावर त्यानं मला एक वारूळ दाखवलं. नुकतंच उकरलेलं, माती अजून ओली. शेजारी मऊ जमिनीत पावलं. मोठी, आणि त्यांच्यामागे दुसऱ्या एकाची जरा लहान. मी बसून बघितली. बाबा माझ्याकडे बघत होता.

"लिवा," तो म्हणाला.

मी वही काढली आणि त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं.

"काय लिवलं?"

"अस्वल आढळलं नाही, असं लिहिलं."

मग त्यानं कमरेची चंची सोडून तंबाखू काढली, मळली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी तंबाखू खात नव्हतो, पण घेतली. उतरताना तो पहिल्यांदाच माझ्याविषयी काही विचारू लागला.

"घरी कोन हाय तुमच्या?"

"वडील आहेत."

"एकलेच?"

"हो. आई माघात गेली."

तो थांबला. "ह्या माघात? आन् तुमी हितंच हुता?"

"हो."

"मग बाप कसा हाय?"

मला माहीत नव्हतं. नऊ महिन्यांत मी त्यांना एकही पत्र लिहिलं नव्हतं, त्यांना लिहिता येत नव्हतं. ते भाकरी स्वतः थापतात की शेजारून घेतात, यंदा तोडणीला जाणार का आणि गेले तर कोयता कोणाच्या जोडीनं धरणार, यातलं मला काहीच सांगता येईना. मी वाटेतच खाली बसलो. बाबानं नजर दुसरीकडे केली आणि पुढं चालायला लागला, जरा हळू, मला गाठता येईल इतपत.

ऑफिसात येऊन मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारण या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी ‘घरगुती’ असं लिहिलं.